बासष्ट जणींत वाट बघणारी एकही नाही

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वय ४३, नाशिकला शाळेत शिक्षिका. एचबीए१सी, म्हणजे मागच्या काही महिन्यांतली रक्तातली साखर सांगणारी तपासणी, ६.१ आला आणि डॉक्टर म्हणाले, आत्ता सावरलंत तर पुढे बरंच टळेल. गेल्या दोन वर्षांत तीनदा चालणं-व्यायाम सुरू केलात आणि तिन्ही वेळा पाच-सहा आठवड्यांत सुटलं. सोसायटीतल्या ६२ जणींचा फिटनेसचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पहिला पंधरवडा तिथे नव्या बुटांचे फोटो येतात, मग सुप्रभात आणि साड्यांचे सेल. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘माझ्यात चिकाटीच नाही. धाकात ठेवणारं कोणीतरी हवं. पैसे भरून एखादा ग्रुप लावू का?’

मी कोथरूडला १४ वर्षं बायकांची सकाळची बॅच घेते. त्याआधी ९ वर्षं शाळेत पीटी शिकवायचे. धाकात ठेवायचा अनुभव मला भरपूर आहे. तो चाळिशीच्या बाईवर चालत नाही, हेही मी माती खाऊन शिकले आहे.

आधी ते चिकाटीचं बाजूला ठेवू. इतकी वर्षं तुम्ही प्रार्थनेच्या वेळेला शाळेत हजर आहात. सर्दी असो, घरी पाहुणे असोत, पाऊस असो. का? वर्गात पोरं बसलेली असतात म्हणून. तुम्ही नाही गेलात तर पाच मिनिटांत कोणीतरी ऑफिसात सांगायला धावतं, ‘बाई आल्या नाहीत.’ तुमच्या चालण्याची मात्र कोणीच वाट बघत नव्हतं. बासष्ट जणी होत्या, पण तुम्ही आला नाहीत हे त्यांतल्या एकीच्याही लक्षात आलं नाही. तीनदा सुटलं ते यामुळे, असं माझं मत. धाक हा त्यावरचा उपाय नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. गुडघे कसे आहेत, रक्तदाब आहे का, चढताना छातीत काही होतं का, हे डॉक्टरांशी बोलून घ्या. शाळा सकाळची की दुपारची, डबे कोण करतं, घरात सकाळी तुमच्यावर कोण कोण अवलंबून आहे, यावर अर्धं उत्तर बदलतं. आणि स्वभाव. काही जणींना माणसांत व्यायाम करणं नकोच असतं. आमच्याकडे एक ग्रंथपाल आहे. ती कधी बॅचला येत नाही, हनुमान टेकडीवर एकटीच जाते. घरी आली की ७.१०च्या आसपास मला मेसेजमध्ये एक टिंब पाठवते. नुसतं टिंब. मी उत्तर देत नाही. साडेसातपर्यंत टिंब आलं नाही तर मात्र मी एक प्रश्नचिन्ह पाठवते. तीन वर्षं हे चाललंय. तिचा ‘ग्रुप’ म्हणजे एवढाच, आणि तिला तो पुरतो. ग्रुप म्हणजे वीस जणींनी एका रंगाचे टीशर्ट घालणं, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका.

आता संख्येबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. पहिल्या वर्षी माझ्याकडे ३८ जणी होत्या. मी खुशीत. दिवाळीनंतर ११ उरल्या. त्याहून वाईट म्हणजे गळालेल्यांपैकी एकीचं मनगट मोडलं होतं आणि ते मला तीन आठवड्यांनी भाजीवाल्यापाशी कळलं. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीला माहीत असेल. फ्रान्समधल्या माक्स रिंगेलमान नावाच्या शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते मोजमाप १९१३ साली छापून आलं. एकटा माणूस जेवढा जोर लावतो, तो आठ जणांत मिसळला की जवळजवळ निम्म्यावर येतो. लबाडी म्हणून नव्हे, तसं होतंच. आपल्याकडे मांडवाचा खांब उचलताना ‘हो, धरलंय’ म्हणणारे हात आठवा.

तेव्हापासून मी चौकड्या करते. चार जणी, फार तर पाच. चौघींत एक आली नाही तर तिघींना दिसतं, आणि न आलेलीलाही माहीत असतं की तिघींना दिसलं. माझ्या आत्ताच्या बॅचमध्ये ३० जणी आहेत, पण कोण आलं, कोण नाही हे पाहायचं काम त्या-त्या चौकडीचं. माझं नाही.

चौकडी जमवताना मैत्री बघू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण जिवलग मैत्रिणी एकमेकींना फार लवकर माफ करतात. ‘आज कंटाळा आलाय गं.’ ‘मलाही!’ झालं, दोघी गादीत. मी घराची गल्ली आणि वेळ बघते. एकीला ५.४५ जमतंय आणि दुसरीला ७, तर त्यांचं कितीही पटलं तरी आषाढाच्या पुढे जात नाही. वेगही थोडा बघते. बर्लिनच्या एका रोइंग क्लबमधल्या लोकांवर ओटो क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात प्रयोग केले होते. जोडीने वजन उचलत राहायचं, एकाने सोडलं की संपलं. त्यात कच्चा गडी एकट्यापेक्षा जोडीत जास्त वेळ टिकला, पण दोघांच्या ताकदीत फरक बेताचा असेल तेव्हाच. हे मी टेकडीवर रोज बघते. जराशी पुढची बाई असली की मागची पाय उचलते. फारच पुढची असली की मागची फोन काढून फुलांचे फोटो काढायला लागते.

मग चौकडीने एकमेकींना विचारायचं काय? इथे मी स्वतः पाच वर्षं चुकले. दर सोमवारी वजन करायचे आणि वहीत लिहायचे. आमच्यात औषधाच्या दुकानात काम करणारी एक होती, आठ तास उभी. दोन महिने एकही दिवस चुकवला नाही. तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी काटा ८०० ग्रॅम वर गेला. आदल्या दिवशी हळदीकुंकू, भेळ, शेव, लोणचं. मीठ जास्त गेलं की अंगात पाणी धरतं, पाळीच्या आधी धरतं, हे मी तिला सांगितलंही. पण काटा सगळ्यांसमोर वर गेला होता. पुढच्या सोमवारी ती आली नाही, नंतरही नाही. दुकानात भेटली तेव्हा म्हणाली, ‘ताई, आता माळ्यावर माल टाकताना दम लागत नाही हो.’ ही नोंद माझ्या वहीत कुठेच नव्हती.

ती वही आजही आहे. लांबट, दोनशे पानी, वाण्याकडे उधारीला असते तसली. आता त्यात तीनच खुणा करतो. आली तर उभी रेघ, घरी केलं तर गोल, काहीच नाही तर रिकामा चौकोन. पूर्वी शेवटी ‘कारण’ असाही रकाना होता. तो मी खोडला, कारण त्या रकान्यात बायका खोटं लिहायला लागल्या. ‘पाहुणे’, ‘पाहुणे’, ‘पोट’, ‘पाहुणे’. कोथरूडमध्ये एवढे पाहुणे येत नाहीत. कारण मागितलं की माणूस कारण शोधतो आणि एकदा चांगलं कारण सापडलं की न येणं सोपं होतं. वजन, कंबर, साखर हे ज्याचं त्याने स्वतःच्या वहीत लिहावं. ग्रुपसमोर फक्त हजेरी. वजन तुमच्या हातात पूर्ण नसतं, चपला घालून बाहेर पडणं असतं. जे हातात आहे त्याचाच हिशोब दुसऱ्याला द्यावा.

दंडाचा मोह तुम्हालाही होईल. आम्ही केला होता: चुकलेल्या दिवसाला ५० रुपये, जमले की मिसळ. कल्पना भिशीवरून उचललेली. तिथे हप्ता चुकवला तर कशी सगळ्यांची नजर लागते! पहिला महिना बरा गेला. मग बँकेतल्या एकीने पहिल्या तारखेला ५०० रुपये फोनवरून पाठवले आणि लिहिलं, ‘या महिन्याचे दहा दिवस ॲडव्हान्स.’ आम्ही हसलो, पण खेळ तिथेच संपला. आधी न येण्याची लाज वाटायची, आता न येण्याचा दर ठरला होता. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत हेच दिसलं होतं, १९९८ साली. दहापैकी सहा पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर तिथे उशीर करणारे वाढून जवळजवळ दुप्पट झाले. दंड काढून टाकल्यावरही आकडा खाली आला नाही. आमचंही तसंच झालं. मिसळ मात्र दोनदा छान झाली.

याच धाग्यातलं तुमचं शेवटचं विचारणं, पैसे भरून ग्रुप लावावा का? लावा, हरकत नाही. भरलेले पैसे पहिला महिना माणसाला उठवतात. पुढे पैशांची ताकद संपते आणि तिथेही तुमची वाट बघणारं कोणी आहे का, हाच प्रश्न उरतो. पंचेचाळीस जणांच्या बॅचमध्ये तीन दिवस न जाऊन बघा. चौथ्या दिवशी कोणाचा फोन आला तर ग्रुप चांगला. फीच्या आठवणीचाच मेसेज आला तर काय ते समजा. आणि पावडरीचे डबे विकणारे, सगळ्यांदेखत काट्यावर उभं करणारे, ‘आधी आणि नंतर’चे फोटो मागणारे, यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांना तुमची हजेरी नको असते, जाहिरात हवी असते.

आता मुद्द्याचं. तुमचं तीनदा पाच-सहा आठवड्यांनी सुटलं. तो काळ काही योगायोगाचा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर बारा आठवडे पाहणी केली होती. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८, तर कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. ‘एकवीस दिवसांत सवय’ वगैरे विसरा. पाच-सहा आठवडे म्हणजे चाळिसेक दिवस. नवलाई संपलेली असते आणि सवय अजून लागलेली नसते, नेमका तो टप्पा. त्याच पाहणीत दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही. माझ्या वहीतही तसंच आहे. एक रिकामा चौकोन असला की दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा रेघ असते. सलग तीन चौकोन झाले की पुढची ओळ बऱ्याचदा पूर्ण रिकामी.

म्हणून आमच्याकडे नियम एकच, दुसऱ्या चौकोनाला फोन. चौकडीतल्या एकीनेच करायचा, तिघींनी नाही. ग्रुपवर तर नाहीच नाही. आणि ‘का आली नाहीस?’ हे विचारायचं नाही. म्हणायचं, ‘उद्या सहाला पाण्याच्या टाकीपाशी आहे.’ बस. हा नियम माझ्या एका पापातून आला. एकदा मी ग्रुपवर नाव घेऊन लिहिलं होतं, ‘फलाणी मॅडम, आपली झोप पूर्ण झाली की कळवा.’ वर हसणारी बाहुली. खाली अकरा जणींच्या हसऱ्या बाहुल्या. त्या बाईची सासू दवाखान्यात होती. तिने काही न लिहिता ग्रुप सोडला. मी घरी जाऊन माफी मागितली, चहाही झाला, पण ती परत आली नाही. ग्रुपची पारख माणूस येतो तेव्हा होत नाही. पंधरा दिवसांनी ओशाळून परत येतो तेव्हा होते. त्या दिवशी ‘या, या, आज सूर्य कुठे उगवला’ म्हणणारी एक जरी निघाली, तरी सोळाव्या दिवशी तो गायब.

सणांचं आधीच ठरवा. आमच्याकडे वही बघितली की पंचांग कळतं: गौरी-गणपतीत चौकोन, नवरात्रात जरा रेघा (गरब्याला गोल द्यायचा का यावर दरवर्षी भांडण), दिवाळीत पुन्हा चौकोन. तुमच्याकडे त्यात परीक्षा आणि पेपर तपासणी वाढेल. या दिवसांसाठी आम्ही ‘छोटा हप्ता’ ठेवलाय. घरीच बारा मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता १० वेळा उठ-बस, भिंतीला हात लावून १० जोर, जिन्याच्या दोन फेऱ्या, हे सगळं दोनदा. की वहीत गोल. एवढ्याने कॅलरी किती जळतात विचारू नका, फार नाही. साखळी मात्र तुटत नाही.

आणखी एक गोष्ट मी वारीला जाणाऱ्या एका काकूंकडून उचलली. आळंदीहून पंढरपूरला जाताना संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या जमतात. चोपदाराने दंड उंचावला की हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथे जातो, ऐकून घेतो, आणि मगच पुढचं. काकू म्हणाल्या, ‘रोजचं रोज मोकळं होतं, म्हणून एवढी माणसं वीस दिवस एकत्र चालू शकतात.’ आमच्या चौकड्यांत भांडणं व्हायचीच. ही फार बोलते, ती फार पळते, हिची रोज पाच मिनिटं वाट बघायची. कोणी काही बोलायचं नाही आणि एक दिवस चौघींच्या दोघी व्हायच्या. आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी व्यायामानंतर चहा, आणि ज्याला काही म्हणायचंय त्याने कपावर चमचा वाजवायचा. आधी हसू येतं. पण मागच्याच महिन्यात एकीने चमचा वाजवून सांगितलं, की तिला उतारावर गुडघा दुखतो आणि लाजेखातर ती सहा आठवडे बोलली नव्हती. तिचा रस्ता बदलला. नाहीतर तीही गेली असती, आणि आम्ही म्हणालो असतो, ‘चिकाटी नाही हो.’

तुमच्यासाठी आता नेमकं. बासष्टचा ग्रुप सोडू नका, विनाकारण चर्चा होते. म्यूट करा. त्यातून किंवा शाळेच्या स्टाफरूममधून तीन जणी शोधा. स्टाफरूम जास्त बरी वाटते मला, कारण तिथे तुम्ही रोज भेटताच आणि वेळापत्रक एकच. घरं लांब असली तर सकाळी एकत्र येण्याचा हट्ट नको. शाळा सुटल्यावर वाटेत जो जॉगिंग ट्रॅक लागतो, कृषीनगरचा म्हणा की गोल्फ क्लबचा, तिथे आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चाला. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये असा वेग. उरलेल्यांपैकी दोन दिवस घरी ताकदीचा व्यायाम, वर सांगितलेला छोटा हप्ता जरा वाढवून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. तुमचं चालणं १२० होईल. उरलेली तीस मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर दहा-दहाच्या तीन फेऱ्यांतून काढा. साखरेसाठी ती वेळ खास चांगली, कारण चालणारे स्नायू जेवणातली साखर तिथल्या तिथे वापरतात. सोबतीला नवऱ्याला किंवा मुलाला न्या, नाहीतर टीव्हीसमोरून उठणं होत नाही.

एचबीए१सी महिन्याने तपासू नका. तो साधारण मागच्या तीन महिन्यांचा हिशोब दाखवतो. तीन महिने फक्त वही बघा, रिपोर्ट त्यानंतर. आणि रिपोर्ट चौकडीला दाखवायचा की नाही, हे पूर्णपणे तुमचं.

तिघींना मेसेज करताना ‘आपण सगळ्यांनी फिट व्हायचं का’ असलं काही लिहू नका. सगळ्या ‘हो हो’ म्हणतील आणि अंगठे दाखवतील. असं लिहा: ‘सोमवारी साडेपाचला ट्रॅकच्या गेटपाशी उभी आहे, पावणेसहापर्यंत थांबेन.’ आणि खरंच थांबा. पहिल्या सोमवारी कोणी आलं नाही तर चालून या आणि बुधवारी तोच मेसेज पुन्हा टाका. दुसऱ्या आठवड्यापर्यंत एक तरी येते, असा माझा अनुभव आहे. ती आली की वही घ्या.

शाळा सकाळची असेल तर हे सगळं जमेल. दुपारची असेल तर संध्याकाळी उशीर होईल, मग पहाटेचं काहीतरी बघावं लागेल आणि डब्यांचं गणित आधी सोडवावं लागेल. तेवढं लिहा, म्हणजे पुढचं सांगते.